सत्तावीस जानेवारीची सूचना

"बाई, मग आम्ही रस्ता ओलांडायचा कुठून?"

रेणुका थिटे माझ्या टेबलासमोर उभी होती. हाताला काळं ग्रीस, ओढणीच्या टोकालाही तेच. दुभाजकावरून सायकल उचलून पलीकडे टाकताना साखळी निसटली होती आणि ती बसवण्यात तिचा पहिला तास बुडाला होता. आठवीची मॉनिटर, दोन वर्षांत एकदाही उशिरा न आलेली मुलगी. वर्गाबाहेर उभं राहायची वेळ आली म्हणून रडकुंडीला आली होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा तो पहिला दिवस. आमची शाळा चिंचसावळी फाट्यावर, थेट हायवेला लागून. रस्ता चौपदरी झाला तेव्हा मधे सिमेंटचा दुभाजक आला, पण शाळेसमोर ओलांडायला एक कट ठेवला होता. पलीकडच्या डोंगरवस्तीची पंधरा-सोळा मुलं त्या कटातून सायकली हातात धरून यायची. सुट्टीत तो कट बुजवला आणि नवा काढला दीड किलोमीटर पुढे, पेट्रोल पंपासमोर. पंप कुणाचा हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांचा.

"कुठून म्हणजे? पंपासमोरून," मी म्हणाले.

"तिकडून यायचं तर गाड्यांच्या तोंडावर यावं लागतं बाई. कटापर्यंत जातानापण उलटं आणि वळून शाळेकडं येतानापण उलटं. संध्याकाळी घरी जाताना बरोबर पडतं, सकाळीच पडत नाही. सरळ बाजूनं यायचं तर माळेवाडीच्या पुलाखालून. आठ किलोमीटर होतं. आम्ही मोजलं."

खरंच मोजलं होतं त्यांनी. आदल्या दिवशी, रविवारी, सायकलीवर जाऊन.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. शिक्षणसेवक म्हणून तिसरं वर्ष चालू होतं, जूनमध्ये कायम व्हायचे होते. मराठी आणि इतिहास शिकवायचे, आठवीची वर्गशिक्षिका होते. "विचारते मी सरांना," असं म्हणून मी तिला जागेवर बसवलं.

मुख्याध्यापकांना मी काही विचारलं नाही. काहीतरी करायची वेळ आली ती आठवड्याभरानं. सातवीतला एक मुलगा दुभाजकावरून उडी मारून थेट एसटीपुढे आला. ड्रायव्हरनं ब्रेक करकचून दाबला म्हणून वाचला. त्याची एक चप्पल तेवढी चाकाखाली गेली. ड्रायव्हर खाली उतरून शाळेच्या फाटकात आला आणि आम्हा सगळ्यांना शिव्या देऊन गेला. त्या शिव्यांमध्ये चुकीचं काही नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी डोंगरवस्तीची सगळी मुलं पाण्याच्या टाकीजवळ गोळा केली.

"आजपासून दुभाजकावरून कुणी उडी मारायची नाही. कटापर्यंत जायचं आणि तिथून वळून यायचं. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, कडेकडेनं, एकामागे एक. सगळ्यांच्या पुढे रेणुका. जोडीनं सायकली चालवायच्या नाहीत, गप्पा नाहीत. कळलं?"

"पण बाई, उलट्या बाजूनं..." रेणुका म्हणाली.

"कडेनं म्हटलं ना! समोरून येणारी गाडी दिसते तरी. मागून आलेली दिसत नाही."

हे शब्द माझे आहेत. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

रेणुकानं ते मनावर घेतलं. मनावर घेणं हा तिचा स्वभावच होता. पाचवी-सहावीची बारकी पोरं ती रांगेच्या मध्यभागी ठेवायची, शेवटी शबाना मुलाणीला ठेवायची. शबाना तिची जिवाभावाची मैत्रीण, अंगापिंडानं दणकट. एखाद्यानं सायकल रांगेबाहेर काढली की रेणुका मागे न बघता ओरडायची, "बाईंनी सांगितलंय!" सकाळी पावणेअकराच्या सुमाराला मी फाटकात उभी असले की ती रांग लांबून येताना दिसायची. निळे-पांढरे गणवेश, एकसारख्या अंतरावर. शेजारून ट्रक गेला की वाऱ्यानं सगळ्या ओढण्या एका बाजूला उडायच्या. मला त्या रांगेचा अभिमान वाटायचा. एकदा मी स्टाफरूममधल्या दोघींना मुद्दाम बाहेर बोलावून ती दाखवली होती.

डिसेंबरात रेणुकानं अर्ज लिहिला. माननीय अध्यक्ष महोदय, शाळेसमोरचा कट पुन्हा उघडून मिळावा. खाली सोळा सह्या. सगळ्यात वर तिची, शेवटच्या अक्षराखाली एक लांब रेघ मारलेली. मी ‘विद्यार्थी’ची वेलांटी दुरुस्त केली आणि अर्ज मुख्याध्यापकांकडे नेला.

घोलप सरांनी चष्मा लावून सगळा वाचला. "अक्षर छान आहे पोरीचं," म्हणाले आणि टेबलाच्या खणात टाकला.

"पुढे पाठवणार ना सर?"

"नलावडे बाई, कट हलवला कुणाच्या सांगण्यावरून? आणि त्यांच्याच शाळेनं त्यांनाच अर्ज करायचा? जरा वेळ बघून बोलतो मी."

मी पुन्हा विचारलं नाही. रेणुकानं मला तीनदा विचारलं. "बाई, अर्जाचं काय झालं?" तिन्ही वेळा मी म्हणाले, "वर गेलाय."

फेब्रुवारीत उसाचा हंगाम जोरात होता. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ताभर डुलत जायचे आणि त्यांच्या मागे गाड्यांची रांग लागायची. अठरा तारखेला, गुरुवारी, प्रार्थना चालू असताना फाट्यावरचा पंक्चरवाला धावत मैदानात आला. त्यानं नुसता हात केला रस्त्याकडे.

शाळेपासून तीनशे पावलांवर झालं ते. भाजीचे कॅरेट घेऊन चाललेला पिकअप उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकला होता. उजवीकडून वाट मिळेना म्हणून ड्रायव्हरनं डावीकडून काढला, पांढऱ्या पट्टीबाहेरून. समोर मुलांची रांग होती. रांगेत सगळ्यांत पुढे रेणुका होती. तिला धडकल्यावर पिकअप खाली शेतात उतरून थांबला, म्हणून मागची मुलं वाचली.

मी पोचले तेव्हा लोकांनी तिला जीपमध्ये घातलं होतं. दप्तर पाठीवरच होतं, ते कुणी काढलं नव्हतं. शबाना रस्त्याच्या कडेला बारक्या पोरांना धरून उभी होती. मला बघितल्याबरोबर ती म्हणाली, "बाई, आम्ही रांगेतच होतो. पट्टीच्या बाहेरच होतो. शप्पथ बाई."

मी रागावेन असं वाटलं होतं तिला.

तालुक्याच्या दवाखान्यात पोचायच्या आतच रेणुका गेली.

दुसऱ्या दिवशी डोंगरवस्तीची माणसं त्या जागी रस्त्यावर येऊन बसली. मागणी एकच, शाळेसमोरचा कट उघडा. दोन्ही बाजूंना मैलभर गाड्या खोळंबल्या. रेणुकाचा बाप सोपान थिटे मधोमध बसला होता. गवंडीकाम करणारा माणूस, बोटांच्या पेरांत सिमेंट कायमचं बसलेलं. तो घोषणा देत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता. तहसीलदार आले, चौकशी करतो म्हणाले, तेव्हा कुठे माणसं उठली. पण जाताना सांगून गेली, सोमवारपर्यंत कट उघडला नाही तर पुन्हा बसू, आणि या वेळी पंपासमोर बसू.

शनिवारी शाळा सकाळची असते. मुलं घरी गेल्यावर घोलप सरांनी मला ऑफिसात बोलावलं. शिपायाला त्यांनी चहा आणायला फाट्यावर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. टेबलावर सूचना वही उघडी होती. शाळेतल्या सगळ्या सूचना त्या वहीत लिहिल्या जातात. मुख्याध्यापक सही करतात, मग शिपाई ती वही वर्गावर्गात फिरवतो, वर्गशिक्षक सूचना वाचून दाखवतात आणि सही करतात. आमच्याकडे मॉनिटरचीही सही घ्यायची पद्धत होती. मुलांना जबाबदारी कळावी म्हणून सरांनीच पाडलेली. आणि वहीत सूचना बहुतेक वेळा मीच लिहायचे, माझं अक्षर बरं म्हणून.

"बसा," सर म्हणाले. "चौकशीला मंगळवारी अधिकारी येणार आहेत. पहिला प्रश्न काय विचारतील?"

मी खुर्ची पुढे ओढून बसले.

"शाळेनं मुलांना काय सांगितलं होतं, हा. काय सांगितलं होतं बाई?"

"कडेकडेनं, एका रांगेत या, असं मी..."

"उलट्या बाजूनं."

"सर, दुसरी बाजूच नव्हती."

"ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. कागदावर काय येईल? नलावडे नावाच्या शिक्षिकेनं सोळा मुलांना हायवेवर उलट्या दिशेनं सायकली चालवायला सांगितल्या. रांग लावून सांगितल्या. त्यात एक मुलगी गेली. पोलीस तो ड्रायव्हर सोडून आधी कुणाकडे येतील?"

त्यांनी आवाज चढवला नाही. धमकी दिली नाही. हे सगळं ते मोठ्या भावानं समजावून सांगावं तसं सांगत होते.

"हे पान बघा," ते म्हणाले. पंचवीस जानेवारीची झेंडावंदनाची सूचना पानाच्या वरच्या अर्ध्यात संपली होती. खालचं अर्धं पान कोरं होतं. पुढची सूचना नव्या पानावर होती. "लिहा. दिनांक सत्तावीस जानेवारी. सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की, महामार्गावरून विरुद्ध दिशेने सायकल चालवू नये. तसे केल्यास होणाऱ्या परिणामांस विद्यार्थी स्वतः जबाबदार राहतील."

"सर, हे खोटं आहे."

"खोटं आहे. पण खोटं कुणाच्या विरुद्ध आहे? ती पोर तर गेली. तिला आता काही लागणार आहे का? तुम्ही आहात, तुमचं पुढचं सगळं आयुष्य आहे. जूनमध्ये तुमचा कायमचा प्रस्ताव जायचाय. मी तुम्हाला वाचवतोय बाई, बापूसाहेबांना नाही. त्यांना वाचायला माझी गरज नाही."

"आणि तिचा अर्ज?"

"कुठला अर्ज?" त्यांनी खण उघडून दाखवला. खण रिकामा होता.

मी पेन घेतलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. खाली सरांनी सही केली. पाचवीपासूनच्या बाकी वर्गशिक्षकांच्या आणि मॉनिटरच्या सह्या त्यांनी सोमवारी घेतल्या. कुणीही काही विचारलं नाही. आठवीपुढे मी माझी सही केली.

सर वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आठवीच्या मॉनिटरचा रकाना रिकामा दिसतोय."

मंगळवारी अधिकारी आले. उंच, शांत गृहस्थ होते, घाईत नव्हते. त्यांनी घोलप सरांचा जबाब घेतला, माझा घेतला. मी वहीत होतं तेच सांगितलं. मग त्यांनी सोपान थिटेला आत बोलावलं. तो खुर्चीवर बसेना. डोक्यावरची टोपी हातात घेऊन भिंतीशी उभा राहिला.

अधिकाऱ्यांनी सूचना मोठ्यानं वाचून दाखवली. मग वही त्याच्याकडे वळवली.

"ही सही ओळखता का? आठवीच्या मॉनिटरची आहे."

सोपान पुढे आला. त्याला वाचता फारसं येत नव्हतं, पण मुलीची सही त्यानं वह्यांवर, दप्तरावर, घरातल्या कॅलेंडरवर शंभरदा बघितली असणार. त्यानं कागदावर बोट ठेवलं नाही, नुसतं वरून फिरवलं.

"व्हय. माझ्या रेणूचीच हाय. शेवटाला अशी रेघ वडायची ती."

ती रेघ मी ओढली होती. शनिवारी, ऑफिसात, कपाटातली तिची निबंधाची वही समोर उघडून. आधी रद्दी कागदावर चार वेळा गिरवून बघितली आणि पाचव्यांदा सूचना वहीत केली. दोन वर्षं तिच्या वह्या तपासत होते. तिचा ‘ण’ कसा वळतो हे मला माझ्या स्वतःच्या सहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

सोपाननं मान वर केली. अधिकाऱ्यांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुमी सांगितलं हुतं पोरीला? उलटं जाऊ नगं म्हणून?"

खोलीत तिघे पुरुष होते आणि तिघेही माझ्याकडे बघत होते. अजूनही वेळ होती. एक शब्द पुरे होता.

"हो," मी म्हणाले.

"घरी काय बोलली न्हाई. मला म्हणायची, बाईंनी सांगितलंय तसंच जातो आम्ही. खोटं बोलली म्हणायची." मग त्यानं टोपी डोक्यावर घातली. "मग साहेब, आमचंच चुकलं. पोरीचं चुकलं. आमी कुणाच्या नावानं रस्त्यावर बसायचं?"

सोमवारपासून लोक पंपासमोर बसले होते, ते मंगळवारी संध्याकाळी उठले. पुन्हा कुणी बसलं नाही. कट उघडला नाही.

बुधवारी मी आठवीच्या वर्गावर गेले. मॉनिटरची जागा रिकामी ठेवली होती. हजेरी झाल्यावर शबाना उठून उभी राहिली.

"बाई, ती सूचना कधी वाचली वर्गात?"

"सत्तावीस तारखेला. तू आली नसशील."

"मी आले होते बाई. हजेरीत बघा."

हजेरीपट माझ्या हातातच होता. मी तो मिटला आणि म्हणाले, "खाली बस. पुस्तकं काढा." वर्गात अडतीस मुलं होती आणि त्यातल्या एकालाही ती सूचना आठवत नव्हती, कारण ती कुणी ऐकलीच नव्हती. अडतीस मुलांनी पुस्तकं काढली. शबाना वर्षअखेरीला शाळा सोडून मामाकडे शिकायला गेली. दाखला न्यायला तिची आई आली होती, ती स्वतः आली नाही.

जूनमध्ये मी कायम झाले.

त्याच जूनमध्ये, शाळा उघडली त्या दिवशी, शाळेकडे येताना मला सोपान थिटे दिसला. पंपासमोरच्या कटापाशी, हातात काठी आणि काठीला लाल फडकं. कामावर जायच्या आधी सकाळी तासभर तो तिथे उभा राहायला लागला होता. पोरं सायकलीवरून आली की फडकं दाखवून गाड्या थांबवायचा, त्यांना पलीकडे न्यायचा आणि पुढे कडेकडेनं शाळेपर्यंत त्यांच्याबरोबर चालत यायचा, गाड्यांच्या बाजूला स्वतः राहून. पोरांना सांगायचा, "सायकलीवरून उतरा. हातात धरून चला. माझ्या रेणूला बाईंनी सांगितलं हुतं, तिनं ऐकलं न्हाई. तुमी ऐका." फाटकात मी दिसले की टोपीला हात लावायचा. "नमस्कार बाई."

पहिल्या वर्षी मला वाटलं, थकेल आणि सोडून देईल. पावसाळ्यात तो इरलं घेऊन यायचा. एकदा पाय मोडला तेव्हा महिनाभर त्याच्या बायकोनं फडकं धरलं. बारा वर्षं तो माणूस तिथे उभा होता. त्या बारा वर्षांत डोंगरवस्तीच्या एकाही मुलाला खरचटलंसुद्धा नाही. मी दुसऱ्या दारानं शाळेत जायला लागले होते.

तेराव्या वर्षी शाळेसमोर भुयारी मार्ग झाला. बापूसाहेबांचं नवं कॉलेज डोंगरवस्तीच्या माळावर उभं राहिलं होतं. मोठ्या गाड्यांतून येणाऱ्या पोरांना दीड किलोमीटरचा वळसा पडत होता. वर्षाच्या आत मंजुरी आली. घोलप सर तोवर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खुर्चीवर मी होते. उद्घाटनाला मंडप घातला, पाहुणे आले, आणि बापूसाहेबांनीच सुचवलं म्हणून सोपान थिटेचा सत्कार ठेवला. शाल मी घातली. त्याचे खांदे नुसते हाडाचे झाले होते.

सूत्रसंचालकानं त्याच्यापुढे माईक धरला.

"मला बोलाया येत न्हाई," तो म्हणाला. "एवढंच सांगतो. पोरांनो, शाळंत सूचना देत्यात ती ऐकत जावा. माझी रेणू लई शाणी हुती. सगळं ऐकायची. त्या एका बाबतीतच तिनं बाईंचं मोडलं." मग तो माझ्याकडे वळला आणि शाल सावरत त्यानं हात जोडले. "बाई, लहान हुती. तिला माफ करा."

मंडपात कुणीतरी हुंदका दिला. बापूसाहेबांनी रुमाल काढला. कार्यक्रमपत्रिकेत पुढचं नाव माझं होतं, म्हणून सूत्रसंचालकानं सोपानच्या पुढचा माईक काढून माझ्या हातात दिला.

मी उभी राहिले आणि उपस्थित मान्यवरांचे आभार मानले.